गिटारची कंबर वळते कशी?

गिटार हातात आली की नजर आधी तारांवर जाते, मग गोल भोकावर, मग पुढच्या पाटीच्या चकाकीवर. बाजूकडे क्वचितच कुणी बघतं. एकदा मुद्दाम बघा. मानेच्या सांध्यापाशी सुरू झालेली लाकडाची पट्टी खांद्यावरून वळसा घेते, कंबरेपाशी आत शिरते, पुन्हा बाहेर पडते आणि खालच्या मोठ्या गोलाईवरून फिरून तळाशी थांबते. मध्ये एकही जोड नाही. पलीकडून तशीच दुसरी पट्टी येते आणि तळाला दोघी एकमेकींना टेकतात. प्रत्येक पट्टी साधारण ८० सेंटिमीटर लांब, १० ते १२ सेंटिमीटर रुंद आणि जाडीला जेमतेम २ मिलिमीटर.

हा आकार जाड ठोकळ्यातून कापून का काढत नाहीत? लाकडाची खरी ताकद त्याच्या रेषांच्या दिशेने असते. वळणदार आकार कापला की काही ठिकाणी रेषा आडव्या येतात, आणि एवढ्या पातळ जाडीत आडव्या रेषांचं लाकूड बोटाच्या दाबानेही तुटतं. रेषा या टोकापासून त्या टोकापर्यंत अखंड हव्यात आणि वळणही हवं, तर सरळ फळीच वाकवावी लागते.

हाताने गिटार घडवायला बसलेल्या नवख्या माणसाला सगळ्यात जास्त धास्ती याच टप्प्याची असते. मलाही होती. माझी पहिली मेपलची पट्टी ऐन कंबरेवर मोडली. काडकन आवाज झाला आणि दोन्ही हातांत एकेक तुकडा राहिला. त्या दिवशी मी जोर लावून वाकवायला बघत होतो. पुढे कळलं की या कामात जोराला फारसं स्थानच नाही. लाकडाच्या आतल्या अंगाला आक्रसायला लावायचं, एवढंच आपलं काम. ही एक गोष्ट नीट समजली की पट्टीची जाडी, पाणी, ताप, हाताचा वेग या सगळ्याचा उलगडा होतो. म्हणून आधी तिचाच अर्थ लावू.

एक जाडसर खोडरबर घ्या. त्याच्या उभ्या कडेवर पेनाने समांतर रेघा मारा आणि तो कमानीसारखा वाकवा. कमानीच्या बाहेरच्या अंगाला रेघा फाकतील, आतल्या अंगाला जवळ येतील आणि मध्यावर अंतर होतं तेवढंच राहील. म्हणजे बाहेरचं अंग ताणलं गेलं, आतलं दाबलं गेलं. लाकडाच्या पट्टीतही हेच होतं. पण रबराला ताण सोसतो, लाकडाला सोसत नाही.

हा ताण किती, ते काढायला सोपं आहे. पट्टीच्या जाडीला वळणाच्या त्रिज्येच्या दुपटीने भागायचं. कंबरेवरच्या वळणाची त्रिज्या ८० मिलिमीटर धरू. पट्टी २ मिलिमीटरची असेल तर २ भागिले १६०, म्हणजे सव्वा टक्का. ऐकायला किरकोळ वाटतं, पण कोरडं, थंड लाकूड रेषेच्या दिशेने साधारण १ टक्का ताणलं की तुटतं. जाडी ३ मिलिमीटर केली तर ताण १.९ टक्क्यांवर जातो. वरच्या सुरांपर्यंत हात पोहोचावा म्हणून काही गिटारींच्या खांद्याला ‘कटअवे’ची खाच देतात. तिथे त्रिज्या २५ मिलिमीटरच्या घरात आली, तर तोच हिशोब थेट ४ टक्के सांगतो. कोरड्या लाकडाला यातलं काहीच जमणारं नाही.

आता लाकडाच्या आत डोकावू. सूक्ष्मदर्शकाखाली लाकूड म्हणजे बारीक, लांबट नळ्यांची जुडी दिसते. नळ्यांच्या भिंतींत सेल्युलोजचे तंतू असतात. लाकडाच्या वजनात साधारण ४० ते ५० टक्के वाटा त्यांचाच. हे तंतू चिवट असतात आणि ताणाला सहसा दाद देत नाहीत. त्यांच्या आजूबाजूला हेमिसेल्युलोज आणि लिग्निन भरलेलं असतं. लिग्निन म्हणजे लाकडातला डिंक. नळ्यांना एकमेकींशी धरून ठेवणारं आणि झाडाला ताठपणा देणारं ते हेच. काड्यांची जुडी डिंकात बुडवून वाळवली तर ती दांड्यासारखी कडक होईल ना, तसं.

या डिंकाचा एक स्वभाव आपल्या कामाचा आहे. तो तापला की मऊ पडतो आणि निवला की पुन्हा कडक होतो. अगदी कोरड्या लिग्निनला मऊ व्हायला १३० अंश सेल्सिअसच्या पुढचा ताप लागतो. ओलावा असेल तर १०० च्या आसपास, कधी त्याच्या थोडं आधीच ते सैल पडू लागतं. पाण्याचा खरा उपयोग एवढाच. ते मऊ पडण्याची पातळी खाली आणतं आणि वाफ होऊन ताप पट्टीच्या गाभ्यापर्यंत नेतं. नुसत्या थंड पाण्यात दोन दिवस बुडवून ठेवलेली पट्टी कंबरेइतकी वळवायला गेलात तर ती तडकेलच. वाकवतो तो ताप.

पण मऊ झालेलं लाकूडही दोन्हीकडे सारखं वागत नाही, आणि सगळी मेख इथेच आहे. वाफेने नरम पडलेलं चांगलं कठीण लाकूड रेषेच्या दिशेने २५ ते ३० टक्क्यांपर्यंत दाबलं जाऊ शकतं. ताणलं मात्र जातं जेमतेम १ ते २ टक्के. दाबताना नळ्यांच्या भिंतींना बारीक घड्या पडतात आणि त्या एकमेकींवरून किंचित सरकतात. ताणताना सगळा भार चिवट तंतूंवरच येतो आणि ते लांब व्हायला तयार नसतात. तेव्हा वळण मिळवायचं ते आतलं अंग आखडून, बाहेरचं अंग लांबवून नव्हे. आपल्या कंबरेच्या उदाहरणात बाहेरचं अंग अजिबात ताणू दिलं नाही, तर आतल्या अंगाला अडीच टक्के आखडावं लागेल. ज्याला २५ टक्के आखडता येतं त्याच्यासाठी हे काहीच नाही.

हे सगळ्यात लख्खपणे वापरून दाखवलं ते मिखाएल थोनेट या फर्निचरवाल्याने. राइन नदीकाठच्या बोपार्ड गावचा हा माणूस पुढे व्हिएन्नात स्थायिक झाला. बीच लाकडाचे जाड दांडे वाफवून तो वाकवत असे, आणि वाकवण्याआधी दांड्याच्या बाहेरच्या अंगाला पोलादी पट्टा घट्ट बांधत असे. ताण पट्ट्याने सोसायचा, लाकडाने फक्त दाबलं जायचं. त्याची १४ क्रमांकाची खुर्ची १८५९ सालची. पाठीची ती एकसंध लाकडी कमान कॅफेंमधल्या खुर्च्यांवर तुम्ही कुठे ना कुठे पाहिली असेलच.

गिटारची पट्टी थोनेटच्या दांड्यांच्या मानाने फारच पातळ. तिच्यासाठी जुनं आणि अजूनही माझं आवडतं साधन म्हणजे तापवलेली धातूची नळी. आडव्या किंवा उभ्या धरलेल्या नळीच्या पोटात पूर्वी निखारे किंवा ज्योत असे, आता बहुधा विजेचं हीटर असतं. नळीवर पट्टी टेकवून हळूहळू वळवायची. आता नीट बघा, नळीला टेकतं ते पट्टीचं कुठलं अंग? वळणाच्या आतलं. म्हणजे ज्या अंगाला आखडायचं आहे, तेच सगळ्यात जास्त तापतं आणि सगळ्यात आधी नरम पडतं. बाहेरचं अंग त्या मानाने थंड आणि ताठ राहतं, म्हणून वाकताना आधी आतलं माघार घेतं. नळीच्या या साध्या रचनेतच सगळं शहाणपण साठवलेलं आहे, आणि ते ध्यानात आल्यापासून मी तिच्याकडे वेगळ्याच आदराने बघतो.

काही जण बाहेरून स्प्रिंग स्टीलचा पातळ पत्राही धरतात. थोनेटच्या पट्ट्यासारखे टोकाला अडसर नसल्याने हा पत्रा सगळा ताण स्वतःवर घेत नाही. तो वाफ कोंडून धरतो आणि उचलू पाहणाऱ्या ढलप्यांना दाबून ठेवतो. अवघड लाकडासाठी तेवढा आधारही मोलाचा ठरतो. पत्रा आणि लाकूड यांच्यामध्ये कागद घालायला मात्र विसरू नये. ओल्या लाकडातलं टॅनिन लोखंडाला लागलं की निळसर काळे डाग पडतात आणि ते घासूनही सहज जात नाहीत.

नळी तापवण्याआधीच अर्धी लढाई होऊन गेलेली असते. पट्टी सरळ रेषांची हवी. फळी कापताना रेषा तिरक्या सुटल्या असतील, तर त्या जिथे पृष्ठभागावर येऊन संपतात तिथूनच ढलपी उचलते. जाडी सगळीकडे सारखी हवी, कारण ताठपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. २ ऐवजी अडीच मिलिमीटर जाडी राहिली तर पट्टी जवळपास दुप्पट ताठ होते. जाडीत चढउतार असेल तर वळण पातळ जागी गोळा होतं आणि गोल कमानीऐवजी कोपरा पडतो. रंधा मारून झाल्यावर मी दर दहा सेंटिमीटरवर कॅलिपर लावतो. कंटाळवाणं काम आहे, पण मोडलेली पट्टी पुन्हा मिळत नाही. दोन्ही पट्ट्या एकाच फळीतून पुस्तक उघडावं तशा काढलेल्या असतात, त्यामुळे एक गेली की जोडी गेली.

आणि खूण करा. कुठली कड पुढच्या पाटीची, कुठली पाठीची, कुठलं अंग बाहेर दिसायचं, कुठलं टोक मानेकडे, हे दोन्ही पट्ट्यांवर पेन्सिलीने लिहा. दोन्ही पट्ट्या एकाच बाजूच्या वाकवून बसण्याचा प्रसंग अनेकांवर येतो, आणि तो निस्तरणं फार जिकिरीचं असतं.

लाकडांचे स्वभाव वेगवेगळे. शिसवी, म्हणजे जिला गिटारच्या जगात इंडियन रोझवूड म्हणतात, ती शिकणाऱ्याला सांभाळून घेते. तापली की समजूतदारपणे वळते आणि गोडसर वास सोडते. तिचा जांभळट रंग पाण्यात उतरतो, तेवढं जपावं लागतं. अक्रोड असाच सालस. महोगनीच्या पट्टीवर वळणात लहान लाटा उठतात. लहरी रेषांचं मेपल दिसायला सगळ्यात देखणं आणि वागायला सगळ्यात कठीण. ज्या लाटांमुळे ते झळाळतं, त्या लाटा म्हणजेच आतबाहेर झोके घेणाऱ्या रेषा. प्रत्येक लाटेपाशी रेषा पृष्ठभागावर येऊन संपते, आणि तिथे तुटायला जागा तयारच असते. माझी पहिली पट्टी अशाच लाटेवर मोडली होती. आता मी असं मेपल १.८ मिलिमीटरपर्यंत उतरवतो, पाणी कमी ठेवतो आणि पाठीमागे पत्रा धरल्याशिवाय त्याला हात लावत नाही.

पाण्याबद्दल मतं फार आहेत. कुणी पट्टी तासभर भिजवतं, कुणी नुसता फवारा मारतं. माझा कल फवाऱ्याकडे. जास्त पाणी पिऊन फुगलेलं लाकूड वाळताना वेडंवाकडं आखडतं, रंग सोडतं आणि लाटाही त्यातच जास्त उठतात. एवढ्या पातळ पट्टीला दोन्ही अंगांनी ओल दिली, काही मिनिटं मुरू दिली, की पुरतं. नळीवर काम करताना ती वाळत जाईल तसा पुन्हा फवारा द्यायचा.

आता प्रत्यक्ष नळीपाशी या. नळीचा पृष्ठभाग १५० ते १८० अंशांच्या दरम्यान हवा. पाण्याचा थेंब टाकून बघायचा. चर्र करून झटकन उडून गेला तर ताप बरोबर आहे. थेंबाची गोळी होऊन ती नाचत घरंगळू लागली तर ताप २०० च्या घरात गेलेला असतो आणि पांढरट लाकूड करपेल. हातात सुती हातमोजे, खिडकी उघडी. शिसवीसारख्या लाकडांची वाफ आणि भुसा काहींना बाधतो.

सुरुवात कंबरेपासून. वळण तिथे उलटं आणि बहुधा सगळ्यात आवळ असतं, आणि ते जागेवर बसलं की खांदा आणि खालची गोलाई त्याच्या दोन्ही अंगांना मोजून घेता येते. कंबरेची खूण नळीवर आणायची. पट्टी टेकवायची आणि नुसती धरायची. हा क्षण सगळ्यात महत्त्वाचा, आणि घाई इथेच होते. सुरुवातीला पट्टी हाताखाली ताठ, स्प्रिंगसारखी उलट ढकलते. कडांमधून वाफ निघायला लागते, फुसफुस ऐकू येते. हात किंचित पुढेमागे झुलवत राहायचं, म्हणजे ताप एका रेघेवर न साठता पट्ट्यात पसरतो. दाब फक्त विचारण्यापुरता, तू तयार आहेस का एवढंच. आणि मग अचानक उलट ढकलणं थांबतं. हाताखाली पट्टी सैल पडते, ओल्या चामड्यासारखी. डोळ्यांना काही दिसायच्या आधी तळहाताला हे कळतं. त्यानंतरची काही सेकंदं ती जिकडे न्याल तिकडे येते. त्या वेळात मिळेल तेवढं वळण घ्यायचं, पुन्हा ताठरली की थांबायचं, ताप द्यायचा, वाट बघायची. बारीकशी चिरचिर ऐकू आली तर तिथल्या तिथे हात सोडायचा. तो आवाज बाहेरच्या अंगावरचा तंतू उचलल्याचा असतो. ढलपी लहान असेल तर ओल देऊन, दाबून, नंतर चिकटवून ती वाचवता येते.

हवं तेवढं वळण आलं की पट्टी नळीवरून उचलून लगेच सोडायची नाही. त्याच आकारात हातात धरून निवू द्यायची. सैल पडलेलं लिग्निन नव्या जागी घट्ट व्हायला तेवढा अवकाश लागतो.

कंबरेवर आणखी एक गोष्ट त्रास देते. पट्टीच्या दोन्ही कडा नळीपासून वर उचलू लागतात आणि तिला खोगिरासारखा आकार येतो. मघाचं खोडरबर पुन्हा वाकवून बघा, त्याच्याही कडा अशाच उचलतात. आतलं अंग लांबीत दाबलं गेलं की ते रुंदीत फुगतं, बाहेरचं अंग लांबीत ताणलं गेलं की रुंदीत आक्रसतं, आणि पट्टी आडवी उलट्या दिशेने वळते. कडा उचलल्या की त्यांना ताप कमी मिळतो, ताप कमी म्हणून त्या वळायला मागे राहतात, आणि दोष वाढत जातो. उपाय म्हणजे बोटांनी दोन टोकं न धरता, पट्टीच्या पूर्ण रुंदीवर बसेल असा लाकडी ठोकळा किंवा पत्रा वरून दाबायचा.

अनेक कारखान्यांत आणि बऱ्याच कार्यशाळांत आता नळीऐवजी साचायंत्र असतं. अमेरिकन गिटारकार चार्ल्स फॉक्स यांच्या नावाने ओळखलं जाणारं यंत्र त्यातलं सगळ्यात प्रसिद्ध. ओलसर पट्टी दोन पातळ पत्र्यांमध्ये घालतात, सोबत सिलिकॉनचं विजेवर तापणारं पांघरूण ठेवतात, आणि सगळे थर गिटारच्या आकाराच्या साच्यावर स्क्रूने व स्प्रिंगांनी वळवत नेतात. काही मिनिटांत पूर्ण बाजू तयार होते आणि दोन्ही बाजू एकसारख्या येतात. मला हे यंत्र आवडतं, तरीही शिकणाऱ्याने पहिली काही वळणं नळीवरच घ्यावीत असं ठामपणे वाटतं. लाकूड कधी तयार होतं ते यंत्र हाताला सांगत नाही.

निवलेली पट्टी थोडी उघडतेच. लिग्निन नव्या जागी बसलं तरी तंतूंमध्ये साठलेला थोडा ताण मोकळा होऊ बघतो. म्हणून वळण नेमक्या रेषेच्या किंचित पुढे नेतात आणि पट्टी साच्यात क्लॅम्प लावून किमान रात्रभर वाळू देतात. दुसऱ्या दिवशी क्लॅम्प सोडले आणि ती साच्यापासून दोन-तीन मिलिमीटर सुटली, तर ती जागा पुन्हा नळीवर नेऊन दुरुस्त करायची. बोटाच्या हलक्या दाबाने साच्याला टेकली पाहिजे, ही माझी कसोटी. क्लॅम्पच्या जोरावर टेकवलेली बाजू चिकटवल्यावरही मोकळी व्हायला धडपडत राहते, आणि पुढे कधीतरी ते सांध्यावर निघतं.

एवढी मेहनत घेऊन आवाजात फरक किती पडतो, असं कुणी विचारलं तर मला आन्तोनिओ दे तोरेस आठवतात. आजच्या क्लासिकल गिटारचा आकार बऱ्याच अंशी ठरवणारे हे स्पॅनिश कारागीर. १८६२ साली त्यांनी एका गिटारची पाठ आणि बाजू चक्क कागदाच्या लगद्याच्या पुठ्ठ्याने बनवल्या. आवाज मुख्यतः पुढची पाटी घडवते, हे त्यांना दाखवायचं होतं. ती गिटार बार्सिलोनाच्या संगीत संग्रहालयात आहे. बाजूंकडून अपेक्षा वेगळी असते. त्यांनी पाटीला न हलता धरून ठेवावं आणि तारांच्या ओढीखाली वर्षानुवर्षं आकार सोडू नये. ताण न कोंडता वळवलेली बाजू हे करते.

साच्यात दोन्ही बाजू बसल्या की मध्यरेषेवर टोकं कापून मानेच्या आणि तळाच्या ठोकळ्यांना चिकटवतात. त्यानंतर पाटी चिकटायला रुंद जागा मिळावी म्हणून आतल्या कडेने साधारण ६ मिलिमीटर जाडीची एक पट्टी फिरवतात, तिला लायनिंग म्हणतात. ती कंबरेवर वळवायची तर हिशोब ६ भागिले १६०, म्हणजे पावणेचार टक्के. पण या पट्टीत दर पाच-सहा मिलिमीटरवर करवतीची खाच दिलेली असते, आणि अखंड लाकूड उरतं ०.८ मिलिमीटरच्या आसपास. ०.८ भागिले १६० म्हणजे अर्धा टक्का. म्हणून ही पट्टी बहुतेक वेळा कोरडी, थंड, नळीजवळही न नेता बोटांनीच वळते, आणि कपड्यांच्या चिमट्यांनी बाजूला धरून ठेवली तरी भागतं.